वेळेवर लागलेली भूक

आमच्या घरात माणसं दोनच, मी आणि नागोराव. उखाणा न घालताच नाव घेते आहे, कारण ही गोष्ट त्यांच्या पोटाची आहे आणि पोटावर मला उखाणा सुचत नाही. मी बोरी अरबला शाळेत शिकवते, ते शेती करतात. आमची एकुलती लेक दिपाली लग्न होऊन महागावला गेली, तेव्हा आता घर कसं शांत शांत होईल, असं शेजारणी म्हणाल्या होत्या. कसलं शांत! दिवसभर नागोरावांचे ढेकर. आंबट ढेकर, कोरडे ढेकर, अर्ध्यावर अडकलेले ढेकर. मी मुलांच्या वह्या तपासायला बसले की ओसरीवरून एकेक ऐकू यायचा आणि मी लाल पेन आपटायची.

माणूस मुळात असा नव्हता. मी नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी मला बजावलं होतं, "याले वाढतानी भाकरी मोजू नको, नजर लागते." त्यांना जेवताना बघणं हा एक आनंदच होता. भाकर चुरायचे, त्यावर वरण, वरणावर तिखट आणि कच्चं तेल, आणि मग मान खाली घालून असे जेवायचे की मध्ये कोणी काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. तेच नागोराव गेल्या काही वर्षांत ताटावर बसून घास चिवडायला लागले. "ठेव, मंग खातो," म्हणायचे आणि उठायचे. भूक हा शब्द त्यांच्या तोंडून गेलाच. आधी दारव्ह्याला दाखवलं, मग यवतमाळला. तिथे पोटात नळी घालून पाहिलं. आत काहीच निघालं नाही, नुसत्या गोळ्या लिहून दिल्या. मी देवापुढे साखर ठेवली आणि हे मात्र चिडले. एवढा त्रास आणि आत काहीच नाही, म्हणजे आपण खोटारडे ठरलो असं त्यांना वाटलं.

आमच्याकडे ओलिताची, म्हणजे पिकाला पाणी द्यायची, वीज कशी येते ते सांगायला हवं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आमचं शेत अडाण नदीच्या बाजूला. रात्रीची लाईन असली की गव्हाला पाणी द्यायला नागोराव रात्रभर तिकडेच. आजूबाजूचे ओलितवालेही असतात, मग शेताच्या कडेला धुऱ्यावर शेकोटी पेटते, कोणाच्या डब्यात भाकर निघते, कोणी चिवडा आणतं, चहाचं भगोनं तर चढलेलंच असतं. पावसाळ्यात ओलीत नसतं, तर रानडुकरांसाठी जागल. म्हणजे बारा महिने कधी मध्यरात्री जेवण, कधी पहाटे, कधी दिवसभर झोप काढून संध्याकाळी पहिला घास. मी कुरकुर करायची ती झोपेवरून. पोटाचा याच्याशी काही संबंध असेल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण या पोटानं नको त्या ठिकाणी दगा दिला. दिपालीच्या लग्नानंतर महागावला तिच्या सासरी स्वागत समारंभ होता. आमच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात. आमचे इवाई पुंडलिकराव, कृषी केंद्राचे मालक. देह मोठा, आवाज त्याहून मोठा, आणि माणूस ताटावरून ओळखायचा हा त्यांचा खाक्या. मुलीच्या बापाच्या पानात जिलेबी वाढायला ते स्वतः आले. नागोराव आदल्या आठवड्यात रोज रात्री ओलितावर होते. त्यांनी दोन घास खाल्ले, कपाळावर घाम आला, आणि पंगत अर्धी असताना ते भरल्या पानावरून उठले. पुंडलिकराव जिलेबीचं ताट हातात घेऊन तसेच उभे राहिले. सगळा मांडव बघत होता.

मी मागाहून जाऊन सांगितलं, त्यांचं पोट बरं नाही म्हणून. "सारेच असं म्हणतात, इहीणबाई," पुंडलिकराव म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ते फार सभ्यपणे म्हणाले.

त्यानंतर ते पाणी प्यायलाही आमच्या दारात आले नाहीत. दिवाळीला जावई, रजत, दिपालीला घेऊन आले तेव्हा चहा होताच मला बाजूला घेऊन दिपाली सासऱ्यांबद्दल म्हणाली, "आई, मामाजी मले काहीच बोलत नाही. जीव लावतात. पण तुमचं नाव निघालं का उठून जातात. मले असं मधात अडकल्यासारखं होते." मग डोळे पुसून म्हणाली, "बाबानं एकडाव त्यायच्यासंग पोटभर जेवावं. एवढंच पाह्यजे मले."

एवढंच! लेकीनं सोनं मागितलं असतं तर काही तरी केलं असतं. पण नागोरावांनी लगेच ठरवून टाकलं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेतात रोडगे करायचे आणि इवायांना बोलवायचं. रोडग्याला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. दिपालीनं आठ दिवस मागे लागून सासऱ्यांचा होकार मिळवला. तो आल्यापासून नागोरावांचे ढेकर दुप्पट झाले.

त्याच सुमारास माझ्या बहिणीची मुलगी सुरभी आमच्याकडे मुक्कामाला आली. ती अमरावतीला जिवाणूंचा अभ्यास करते. येताना बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा घेऊन आली होती. रात्री ओलीत करणाऱ्या शेतकऱ्यांचे नमुने तिला जमवायचे होते, एकाच माणसाचे, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळचे.

"कायचे नमुने?" नागोरावांनी विचारलं.

सुरभीनं आडपडदा न ठेवता सांगितलं. नागोरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग छपराकडे.

"मातीचे नमुने पाह्यजे तेवढे ने, बेटा," ते म्हणाले. "हे नाही जमत."

ती हसली, तिनं आग्रह केला नाही. पण समजावून सांगायला मात्र बसली. "काका, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. अन्न पचवाले मदत करतात. त्यायची तब्येत बिघडली का आपली बी बिघडते."

जिवाणू म्हटल्यावर नागोराव सावरून बसले. हा शब्द त्यांचा होता. सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी जिवाणूंचं कल्चर ते स्वतः लावतात, आणि अंगणात लिंबाखाली त्यांचा निळा ड्रम आहे, जीवामृताचा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती. त्यातले जिवाणू वाढले की ते पिकाला द्यायचे. "म्हणजे माह्या पोटात बी ड्रमच हाय म्हण ना," ते म्हणाले. सुरभी म्हणाली, "हो, तसंच समजा. आता पुढचं ऐका, खरी गोष्ट पुढंच आहे." तेवढ्यात बाहेरून कोणी तरी ओरडलं, लाईन आली. नागोराव मोटर चालू करायला पळाले. खरी गोष्ट ऐकली मी. त्यांनी ऐकली ती अर्धीच.

दोन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बेसनाचा डबा उतरतोय. मग गूळही. आधी मला उंदराचा संशय आला. पण उंदीर बेसन खाईल, खाऊन झाल्यावर डब्याला झाकण लावणार नाही. एका सकाळी मी शाळेला निघाल्याचं नाटक केलं आणि गोठ्याच्या मागून आत आले. नागोराव उकिडवे बसले होते. हातात तांब्या, तांब्यात ताक, ताकात गूळ आणि बेसन, आणि लिंबाच्या काडीनं ढवळणं चाललं होतं. कृषी सहायकांनी ड्रम ढवळायला शिकवला होता तसंच, उजवीकडून.

"काय करून राह्यले?"

ते दचकले, पण तांब्या सोडला नाही. "खुराक."

"कोनाचा?"

"आतल्यायचा." मग थोडं शरमून, थोडं ऐटीत म्हणाले, "ड्रमातल्यायले गूळ-बेसन देल्लं का कसे जोर धरतात! माती लोण्यावानी होते. मातीले चालते तं मले काहून नाही चालनार? दिवसाही घेतो, रात्री ओलितावर बी घेतो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "शेण-गोमूत्र नाही ना टाकलं त्यात?"

त्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं.

"नाही टाकलं," म्हणाले. "इचार केलता."

त्या दिवसांत त्यांचं पोट असं काही फुगलं की सदऱ्याची खालची बटणं लागेनात. शेकोटीवरच्या मंडळींनी त्यांना वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवायला सुरुवात केली होती, हे मला नंतर कळलं. शेजारच्या शेताचे देवसिंग आमच्या घरी येऊन फार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वहिनी, भाऊले काही तरी दवापानी करा. आमाले झोप नाही लागत." ओलितावर झोपायचं नसतंच, हे मी त्यांना म्हटलं नाही.

संध्याकाळी सुरभी खेड्यांवरून परतली, तेव्हा मी तिला खुराकाचं सांगितलं. ती खांबाला धरून हसली. हसून हसून खाली बसली. नागोराव रागावून निघाले तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"काका, मी तुमाले नाही हसली. चूक माही आहे, मी अर्धंच सांगितलं. आता मले सांगा, ड्रम तुमी कवा ढवळता?"

"सकाळ-संध्याकाळ."

"रात्री दोन वाजता काहून नाही?"

"रात्री कायले?" नागोराव म्हणाले. "त्याचं टाईमटेबल असते. नेमानं केलं तं काम होते. कवाही उठून कवाही ढवळलं तं..." आणि इथे ते थांबले. स्वतःच्या पोटाकडे बघितलं. बोलायचं माझ्या अगदी ओठावर होतं, पण मी आवरलं.

मग तिनं राहिलेलं अर्धं सांगितलं. "आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे, ते उजेडावर चालते. आतड्याचं, यकृताचं आपापलं बी घड्याळ असते, ते बहुतेक जेवणाच्या वेळेवर लागते. अन् त्या घड्याळाच्या तालावर पोटातले जिवाणू बी कमी-जास्ती होतात. दिवसा काही जातीचे वाढतात, रात्री पोट रिकामं असलं का दुसरेच वाढतात. रोजचं."

"म्हंजे जिनिंगच्या कारखान्यावानी," नागोराव म्हणाले. "दिवसपाळी, रातपाळी."

"अगदी तंतोतंत तसं नसते, पण समजाले चालते. आता तुमी मध्यरात्री भाकर टाकता आत. दिवसपाळीवाले घरी गेलेले. रातपाळीवाले म्हणतात, हे आमचं काम नाही. दुसऱ्या आठवड्यात तुमी वेळ बदलवता. कोनाची पाळी कवा, कोनालेच समजत नाही."

"मंग ढेकर येते."

"ढेकर येते, भूक जाते. तुमच्या बाबतीत हेच असन असं मी छातीठोक नाही सांगत. मी डॉक्टर नाही काका, गोळ्या डॉक्टरले विचारूनच बंद करा. पण जेवणाच्या वेळा बांधून पाहाले काय जाते?"

ठरलं ते असं. सकाळी उन्हात बसून न्याहारी. सूर्य डोक्यावर आला की जेवण. दिवेलागणीच्या आत रात्रीचं जेवण, आणि त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. लाईन रात्रीची असली तरी शेतात जायचं, पाणी द्यायचं, पण तोंडात फक्त पाणी.

"चहा?" नागोरावांनी विचारलं.

"दूध-साखर नाही."

फाशीची शिक्षा ऐकल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

पण एक सांगते, या माणसानं एकदा मनावर घेतलं की बैलासारखं ओढतो. थंडीच्या रात्री शेकोटीवर चिवडा फिरला की हे पाठ फिरवून बसायचे. देवसिंग विचारायचे, "उपास कोन्या देवाचा धरला, भाऊ?" तर म्हणायचे, "पोटोबाचा." मी अंधारात उठून स्वयंपाक करायची, ते ओलितावरून आले की अंगणात ऊन पडेल तिथे पाट टाकायची. दुपारचा डबा बरोबर द्यायची आणि सांगायची, माझ्या शाळेची मधली सुट्टी होते तेव्हाच उघडायचा. शाळेत मुलांची खिचडी वाढून झाली की मीही डबा उघडायची. ते तिकडे शेतात, मी इकडे शाळेत, पण आम्ही एकाच वेळी जेवतो आहोत याचं मला फार बरं वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे असलं काही वाटतं हे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

हळूहळू ढेकर कमी झाले. पोट उतरलं, बटणं लागायला लागली. झोपही बरी लागे. पण भूक काही आली नाही. ते वेळेवर ताटावर बसायचे आणि काढा प्यावा तसे जेवायचे. रविवार जवळ आला तशी माझी धडधड वाढली.

"जेवीन मी," आदल्या दिवशी ते म्हणाले. "नाही गेलं तरी ढकलीन."

"अन् पुन्हा मधातूनच उठले तं? दिपालीनं काय तोंड दाखवावं तिकडे?"

ते गोवऱ्या मोजल्यासारखं करत बसले.

रविवारी सकाळपासून शेतात धांदल. आमच्याकडे रोडगे भाजायचं काम पुरुषांचं. नागोराव आणि देवसिंग आरापाशी, मी आणि सुरभी वरण-वांग्यांपाशी. गहू पोटऱ्यात आलेला, वर स्वच्छ ऊन. पुंडलिकराव, त्यांच्या पत्नी विमलताई, रजत आणि दिपाली बारापर्यंत पोचणार होते. पंगतीत पहिला घास इवायाचा. त्यांनी तोडल्याशिवाय यजमानानं पानाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. महादेवाला नैवेद्य दाखवून झाला, गाईचा घास काढून झाला, आणि दिपालीचा फोन आला. दिग्रसपाशी टायर बसलं होतं. गाडीत दुसरं होतं, तेही बसलेलं.

ऊन डोक्यावर आलं. रोडगे आरातून निघाले, राख झटकली गेली. देवसिंगनं एक फोडून बघितला, आणि भाजल्या गव्हाचा असा वास सुटला की बांधावरचा कुत्रा उठून जवळ आला. मी तुपाचं भांडं निखाऱ्याजवळ सरकवत होते, तेव्हा नागोराव माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चेहरा काही तरी वेगळाच. मला वाटलं, झालं, आजही पोटानं घात केला.

"जया," ते हळूच म्हणाले, "मले भूक लागली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनाही नवल वाटत होतं. पोटावर हात ठेवून ते उभे होते.

"खरंच?"

"लय. आतून ओरडून राह्यलं."

आणि मी, मूर्ख बाई, पहिल्यांदा काय म्हटलं? "थांबा जरा. येतीलच ते. इवाई यायच्या आधी तुमी जेवले तं लोकं तोंडात शेण घालतील."

"हो, हो. थांबतो," ते म्हणाले आणि जाऊन बाभळीखाली बसले. शहाण्या मुलासारखे बसले. रस्त्याकडे बघत, मग रोडग्यांच्या परातीकडे बघत, मग पुन्हा रस्त्याकडे. मला ते बघवेना. शाळेत भुकेल्या पोराला मी कधी थांब म्हटलेलं नाही, आणि इथे ज्या भुकेची मी वर्षानुवर्षं वाट बघितली तिलाच बाभळीखाली बसवून ठेवलं होतं. एकीकडे दिपालीचा चेहरा दिसत होता. इवाई यायच्या आधीच यजमान जेवला, हे कळलं तर मागच्यापेक्षा मोठा अपमान. दुसरीकडे हा माणूस. आज परत पाठवली तर ती भूक पुन्हा येईलच कशावरून?

मी पळसाची पत्रावळ उचलली, बाभळीखाली नेऊन त्यांच्यापुढे मांडली.

"जया, अवं, इवाई..."

"इवायाचं मी पाहून घेते. तुमी जेवा."

दोन रोडगे फोडून ठेवले, वरण ओतलं, वांगं वाढलं. सुरभीनं तुपाची धार धरली ती थांबवायलाच तयार नाही. नागोरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसऱ्या घासाला मान खाली गेली. मग ते जे जेवायला लागले! चुरायचं, कालवायचं, ओरपायचं. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्यांना पत्ता नाही. देवसिंगनं काही तरी विचारलं, उत्तर नाही. मी समोर मातीत बसून नुसती बघत होते आणि वाढत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की गाडीचा आवाज मी ऐकलाच नाही.

ऐकला तो दार आपटल्याचा. पुंडलिकराव उतरून धुऱ्यावरून सरळ आमच्याकडे येत होते, मागे विमलताई, रजत, दिपाली. दिपालीनं बापाला जेवताना पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

पुंडलिकराव बाभळीपाशी येऊन उभे राहिले. पत्रावळीकडे बघितलं. नागोरावांच्या दोन्ही गालांत घास होता. त्यांना बोलता येईना, गिळता येईना. ते धडपडत उठायला लागले.

"उठू नका!" पुंडलिकराव एवढ्यानं ओरडले की बाभळीवरचे कावळे उडाले. "एकडाव उठले तेच पुरे झालं."

नागोराव बसले. घास कसाबसा गिळला. "इवाई, चुकलं. वाट पाहाले पाह्यजे होती. पन पोटानं नाही पाह्यली. दोन-तीन वर्साची भूक आज लागली."

"कितवा रोडगा?"

"तिसरा."

पुंडलिकरावांनी चपला काढल्या. मी सतरंजी आणायला धावले, पण ते तसेच मातीत, नागोरावांच्या पत्रावळीसमोर बसले. मग त्यांचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला.

"मी समजलो होतो, पोरगी आमच्या घरी देऊन तुमी पस्तावले. ते तुमचं भरलं पान मीच उचललं होतं त्या दिवशी. दुसऱ्या कोनाले हात नाही लावू देल्ला."

"पोरगी देल्ली तिथं मन भरून पावलं होतं, इवाई," नागोराव म्हणाले. "पोट साथ देत नोयतं. रातच्या ओलितानं त्याची घडीच बिघडली होती."

"आज तुमी माह्यासाठी थांबले असते, अन् माह्यापुढं बसून चार रोडगे खाल्ले असते ना," पुंडलिकराव म्हणाले, "तरी मले वाटलं असतं, हा माणूस मले दाखवाले जेवून राह्यला." आणि त्यांनी हात पुढे करून नागोरावांच्याच पत्रावळीतला रोडग्याचा तुकडा उचलला, वरणात बुडवला आणि तोंडात टाकला.

दिपाली पळत आली. बापाच्या बाजूला मातीत बसली आणि आपल्या पदरानं त्यांच्या कोपरावरचं तूप पुसायला लागली. पुसता पुसता हसत होती, रडत होती. मी पण रडले. चुलीचा धूर माझ्याकडे येत नव्हता, आणि धुरानं पाणी आलं असं मी कोणाला सांगितलंही नाही.

मग पंगत कसली, नुसता गोंधळ. विमलताईंनी तूप जास्त होतंय म्हणून नवऱ्याला दटावलं, तर ते म्हणाले, आज मोजायचं नाही. नागोराव तिसऱ्यावर थांबले. "बस, भरलं," म्हणाले, आणि कोणीही आग्रह केला नाही. पुंडलिकरावांनी तर वाढायला आलेल्या रजतचा हातच धरला. सुरभीला त्यांनी जवळ बसवून सगळं विचारून घेतलं, जिवाणूंच्या पाळ्या, पोटाचं घड्याळ, सगळं. ऐकता ऐकता ते स्वतःच्या पोटाकडे संशयानं बघत होते. दुकान बंद करून ते स्वतः कधी जेवतात हे विमलताईंनी सर्वांसमोर सांगून टाकलं.

ऊन कललं तशी जायची तयारी सुरू झाली. दिपाली त्याच दिवशी परत जाणार होती. ती उठून साडीची माती झटकत होती, तेव्हा पुंडलिकराव माझ्याकडे वळले.

"इहीणबाई, दिपालीले संक्रांत होयपर्यंत ठेवून घ्या. न्याले मी येतो. घरी येतो. पोट्ट्याले नाही धाडत."

मी काही म्हणायच्या आत नागोराव म्हणाले, "जेवाले या, इवाई."

"जेवालेच येतो. कवा बसता तुमी?"

"सूर्य डोक्यावर आला का."

"हे अन् वेळेवर!" विमलताई म्हणाल्या.

"आदल्या दिवशीच निघतो मंग," पुंडलिकराव म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर एवढे हसले की गाडीत बसताना त्यांना रजतचा आधार घ्यावा लागला. रजतनं मागचं दार उघडलं आणि दिपालीनं आशेनं भरून आणलेली बॅग काढून माझ्या हातात दिली.